चौथ्या रंगाचा अंगठा

आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी माझ्या मुलीने मला पिवळा अंगठा पाठवला, तेव्हा हातातला चहा मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला तो अजून तिथेच आहे, वर साय धरून. अंगठा म्हणजे फोनमधला, मूठ मिटून वर केलेला, 'ठीक आहे' म्हणणारा. गेली चार वर्षं रोज सकाळी नऊला मी तिला एक माणूस पाठवतो, फोनमध्ये ती बोटाच्या पेराएवढी माणसं असतात त्यातला एक, आणि पाच-दहा मिनिटांत तिकडून अंगठा येतो. मी जिवंत आहे हे तिला कळतं, तिला कळलं हे मला कळतं. पण तो अंगठा चौथ्या रंगाचा असतो. फोनवाल्यांनी माणसांसाठी पाच रंग ठेवलेत, दुधात धुतल्यापासून किटलीच्या बुडापर्यंत, आणि ज्याने काहीच निवडलं नाही त्याच्यासाठी पिवळा. पिवळा म्हणजे कोणाचाच नाही. इतका पिवळा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि मी माणसांचे रंग बघण्यातच हयात घालवली. बबडीने पहिल्याच आठवड्यात चौथा निवडला होता. मी मनात म्हटलं होतं, तिसरा आणि चौथा याच्या मधली आहेस तू पोरी, पण चालेल, चौथाच घे, उन्हाळ्यात तू चौथ्याचीच होतेस. चार वर्षं तो रंग बदलला नाही. आज बदलला.

मी कृत्रिम हातापायांच्या कारखान्यात रंगारी होतो. सदतीस वर्षं. भिंतीला चुना लावणारा रंगारी नव्हे, रबराच्या कातडीला माणूस करणारा. माझ्याकडे बावीस रंगांचा तक्ता होता, तोही मीच केलेला, आणि तो अपुरा पडायचा. माणूस एका रंगाचा नसतोच मुळी. बोटांची पेरं काळपट, तळवा फिका, मनगटाच्या आतल्या बाजूला निळसर नस, नखाच्या मुळाशी गुलाबी चंद्रकोर. माणूस आला की मी त्याला घरीच, या उत्तरेच्या खिडकीशी बसवायचो, अकराच्या आत, कारण नंतर समोरच्या इमारतीवरचं ऊन परतून आत येतं आणि सगळे हात तांबूस दिसायला लागतात. मग म्हणायचो, "शाबूत हात खाली सोडा आणि मनात तीस मोजा." तीस मोजेपर्यंत रक्त बोटांत उतरतं आणि खरा रंग वर येतो. त्याआधी रंग मिसळायला घेतला की फसलात. एक जण मला म्हणाला होता, "अहो रंगारी, तेवढा एक हात तरी गोरा करा, बघू तरी कसं वाटतं ते." मी म्हटलं, "करतो की, पण घरी जाऊन बायकोला धरलंत तर ती विचारेल, हा दुसरा कोण?" तो इतका हसला की खुर्चीवरून पडला, आणि पडला तो थेट खालच्या मजल्यावर, मध्ये छत होतं तरी. हे असं होतं बघा. मी खोटं बोलत नाही, खरं जरा फुगवून देतो. आठवत नसेल तिथे रचून देतो. 'आठवत नाही' हे दोन शब्द उभ्या आयुष्यात माझ्या तोंडून बाहेर पडलेले नाहीत. गोष्ट सांगणाऱ्याने ते म्हणायचे म्हणजे पोहणाऱ्याने मध्येच उभं राहायचं.

बबडीला उजवा हात नाही. मनगटाच्या वर चार बोटं अंतरावर तो संपतो. ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिचे सगळे हात मीच रंगवले. पोर वाढायची, हात वाढायचा नाही, म्हणून दर दीड-दोन वर्षांनी नवा. लहानपणीचे सात हात माझ्या कपाटात आहेत, एकेक जुन्या पंच्यात गुंडाळलेला, सर्वांत धाकटा माझ्या चष्म्याच्या डबीत मावेल एवढा. उन्हाळा संपला की ती खिडकीशी येऊन बसायची, डावा हात खाली सोडायची आणि मोठमोठ्याने तीस मोजायची, कारण डावा उन्हात रापलेला असे आणि रबराचा तसाच राहिलेला. आठ वर्षांची असताना म्हणाली, "बाबा, नखांत मळ काढा ना. वर्गात कोणाचीच नखं एवढी स्वच्छ नसतात." मी एका केसाच्या ब्रशने मळ रंगवला. मोठ्या शाळेत गेली तेव्हा मधल्या बोटावर शाईचा डाग रंगवून मागितला. तोही रंगवला. बाहेर कोणी विचारलं, हात कसा गेला हो पोरीचा, की मी सांगायचो. एकाला सांगितलं मगरीने नेला, आणि मगर अजून दर वाढदिवसाला पत्र पाठवते, अक्षर अगदी हिचंच. एकाला सांगितलं, जत्रेतल्या जादूगाराने गायब केला आणि पुढचा प्रयोग होण्याआधीच तो मेला. बबडी शेजारी उभी राहून डाव्या हाताच्या बोटांवर मोजायची, पाच झाल्या की पुन्हा अंगठ्यापासून. "ही अकरावी हं, बाबा." लोक हसायचे, विचारायचे विसरायचे. मला वाटायचं, मी पोरीला लोकांच्या कीव करण्यापासून वाचवतोय. वाटायचं म्हणजे, मी स्वतःला तसं सांगायचो. मी चांगला सांगणारा, तसाच चांगला ऐकणारा.

घरातली गोष्ट मात्र एकच होती, तिच्यात मगर नव्हती. बाबा कारखान्यातून चहाला बाहेर गेले होते, बजावून गेले होते की यंत्राजवळ जायचं नाही, बबडीने ऐकलं नाही. बस. तिला स्वतःला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. शांत गोष्ट, एकही रंग नसलेली. ती ऐकून ती मान खाली घालायची आणि पुढे आयुष्यभर सांगितलेलं ऐकत गेली. शाळेत, नोकरीत, सगळीकडे शहाणी. इतकी शहाणी पोर बघून शेजारच्या बायका हिच्या आईला म्हणत, नशीब काढलंत. हिची आई काही बोलायची नाही. ती बत्तीस वर्षं काही बोलली नाही, आणि शेवटच्या आजारात, दवाखान्यात, मी औषधं आणायला खाली गेलो तेवढ्यात लेकीला एक वाक्य बोलली, "यंत्र आपोआप चालू होत नसतं." तेरावा झाला त्या दिवशी बबडीने मला याच खिडकीशी विचारलं, "बाबा, यंत्र कोणी चालू केलं होतं?" काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं तर वीज. वीज पडली होती म्हणे त्या दिवशी, कारखान्याच्या खांबावर, दिवे आपोआप लागले, पंखे उलटे फिरले. पंखे उलटे फिरले हेही मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुरे. यापुढे मला तुमचा शब्द नको. रोज सकाळी एक चित्र पाठवा, जिवंत आहात एवढं कळेल."

तर चित्रं. मी काय कमी आहे? दोन महिन्यांत फोनमधली सगळी वस्ती मला तोंडपाठ झाली. टकल्या म्हातारा, कुरळ्या केसांचा, लाल केसांचा, दाढीवाला जादूगार, आगीचा बंबवाला, माशाची शेपटी असलेला जलपुरुष. पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस आहे, चाकाच्या खुर्चीतली बाई आहे, कानात यंत्र घातलेला कान आहे. नुसता कान, माणूस नाही. मोठ्या मनाने केलंय बघा कोणीतरी, सगळ्यांना जागा द्यायची म्हणून, आणि सगळ्यांना पाच रंगांत बसवलंय. मी रोज त्यातला एक निवडायचो, अंगावर बोट दाबून धरलं की पाच रंगांचे पाच भाऊ ओळीने उभे राहतात, त्यातला माझ्यासारखा तिसरा उचलायचा. आज मी जलपुरुष आहे बबडे, बादलीतून अंघोळीला उतरलो तो थेट समुद्रात निघालो. शब्द बंद, पण गोष्ट बंद नाही, असा माझा चावटपणा. एकदाच चुकलो. पहिल्याच आठवड्यात हस्तांदोलनाचं चित्र पाठवलं. त्यात दोन हातांना दोन वेगळे रंग देता येतात, याचंच मला कोण कौतुक. एक तिसरा, एक चौथा, बाप-लेक. पाठवलं आणि मग पाहिलं की दोन्ही हात उजवे आहेत. अकरा दिवस अंगठा आला नाही.

आणि आज पिवळा. मी फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. माझं डोकं म्हणजे रिकामं बसत नाही, रचायला लागलं. फोन चोराने नेला आणि चोर सभ्य आहे, म्हाताऱ्याला उत्तर देतोय. तिला कावीळ झाली आणि तिने प्रामाणिकपणे रंग बदलला. ती गेली. हे तिसरं रचायला अर्धा क्षणही लागला नाही, बारकाव्यांसकट आलं, चादरीचा रंग, खुर्चीवर ठेवलेला माझा हात, म्हणजे मी रंगवलेला, नखांत मळ नसलेला. सगळं आयुष्य मी गोष्टी दुसऱ्यांवर सोडल्या. त्या दारात उभ्या राहून माझ्यावरच भुंकतील असं कधी वाटलं नव्हतं. जावयाचा नंबर तीनदा चुकला.

"बोला, बाबा."

"बबडी कुठेय?"

"इथेच आहे, अंघोळीला गेलीय. का हो? तुमचा आवाज असा का येतोय?"

"तिला कावीळ झालीय का?"

"काय?"

"अंगठा पिवळा आलाय."

तो हसला. चांगला माणूस आहे, हसतो तेव्हा पूर्ण हसतो. "अहो बाबा, काल तिला नवा फोन घेतला. नव्या फोनात सगळे पिवळेच असतात, रंग आपण निवडावा लागतो. मीच विसरलो."

"तुम्ही विसरलात?"

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाल्याचा आवाज आला.

"जावईबापू, अंगठा कोण पाठवतं?"

"बाबा, आता कसं सांगू..."

"जसं आहे तसं सांगा. फुगवून सांगायचं खातं माझ्याकडे आहे."

"मी पाठवतो. दोन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तिने पाठवला, मग एके दिवशी म्हणाली, तूच बघत जा, आहेत ना जिवंत, एवढं मला सांग. मी रोज सांगतो तिला. बाबा आहेत, म्हणून."

"म्हणजे जलपुरुष वगैरे..."

"मी बघतो ना. मला आवडतात. तो दाढीवाला जादूगार तर फारच छान होता."

दोन वर्षं. सातशे तीस माणसं मी एकेक निवडून, रंग लावून, जावयाच्या अंगणात सोडली होती. आपण हे बोलून गेलो हे त्याला सोसवलं नसावं, म्हणून तो आणखी बोलत सुटला आणि नको तेही सांगून बसला. आज चार वाजता नवा हात बसवायला जायचंय. धातूचा, बोटं हलणारा, फोनमध्ये तो लोखंडी हात असतो ना, साधारण तसाच. वरून कातडी चढवून मिळते, पण ती म्हणाली कातडी नको, रंग नको, आहे तसा दिसू दे. "जुना हात तुमचा आहे, बाबा, तो टाकवत नाही. आणि घरात ठेवू नको म्हणते. तुमच्याकडे पाठवून देऊ का? नीट बांधून पाठवतो."

कपाटातल्या सात पंच्यांकडे माझी नजर गेली. आठवा पंचा लागणार.

"तिला फोन द्या."

"नाही घेणार ती."

"मग मी लिहितो ते वाचायला सांगा. एकदाच."

"गोष्ट असेल तर नको. मागच्या त्या विजेनंतर आठ दिवस ती धड जेवली नाही, बाबा. तुम्हाला माहीत नाही."

"गोष्ट नाही. खरं सांगतो."

"तुमची प्रत्येक गोष्ट याच वाक्याने सुरू होते," तो म्हणाला, टोमणा मारल्यासारखं नाही, नुसतं आठवण करून दिल्यासारखं. मग म्हणाला, "बरं. फोन तिच्या हातात देऊन मी कामावर निघतो. ती साडेदहापर्यंत घरी आहे. बघा काय ते."

दहा वाजायला आले होते. खिडकीत अजून सरळ उजेड होता. मी आधी चित्रांत सांगायला बघितलं, कारण शब्दांवर बंदी तिची होती आणि शब्दांची भीती माझी. कामगार माणूस सापडला, हातात पाना घेतलेला, तिसऱ्या रंगाचा. वेणीवाली मुलगी सापडली, चौथ्या रंगाची. तिला हात काढलेलाच नाही, नुसतं डोकं. यंत्र म्हणून दातेरी चाक. आणि मग? हात नसलेलं मूल त्या अख्ख्या वस्तीत नाही. लोखंडी हात आहे, पण तो कोणाचाच नाही, खांद्यापाशी संपतो, त्याला चेहरा नाही. आणि मधला जो क्षण आहे, जिथे एक हात आहे आणि मग नाही, त्याचं चित्र कोण कशाला काढील? ओळीने ठेवलेली ती चित्रं मी वाचून पाहिली. मजेदार दिसत होती. माझीच आणखी एक गोष्ट. पुसून टाकली.

ते यंत्र म्हणजे दोन पोलादी रूळ, एकावर एक, मधल्या फटीतून रबर दाबून पातळ व्हायचं. आम्ही त्याला लाटणं म्हणायचो. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, एक काम राहिलं होतं म्हणून मी गेलो, आणि बबडी हट्ट करून बरोबर आली. चहाला मी गेलोच नव्हतो. ती कंटाळली होती, गोष्ट मागत होती. मी म्हटलं, या दोन रुळांच्या मध्ये एक कागदी माणूस राहतो. कागदासारखा पातळ, म्हणून कोणाला दिसत नाही. बिचारा एकटा असतो. शहाण्या मुलांनी हात पुढे केला की तो हात मिळवतो. ती म्हणाली, कोणता हात? मी म्हटलं, हात मिळवायचा तो उजवाच. ते वाक्य मला इतकं आवडलं, त्या कागदी माणसाची मला स्वतःलाच इतकी गंमत वाटली, की पुढे काय सांगायचं हे जुळवत मी पाठ फिरवली, रबराचा तुकडा उचलला, आणि जुळवता जुळवताच बटण दाबलं. ती शहाणी होती. तिने ऐकलं. बत्तीस वर्षं मी तिला सांगितलं की तिने ऐकलं नाही.

दहा वाजून बारा मिनिटांनी लिहायला घेतलं. एका बोटाने. 'बबडे, यंत्र मी चालू केलं. मी चहाला गेलो नव्हतो. रुळांच्या मध्ये कागदी माणूस राहतो आणि तो शहाण्या मुलांशी हात मिळवतो, असं मी तुला सांगितलं होतं. तू हात दिलास. तुझी काही चूक नव्हती. तू ऐकलं होतंस.' वाचून पाहिलं. कागदी माणूस! कोण विश्वास ठेवणार? मगर याच्यापेक्षा खरी वाटते. सबंध आयुष्यात एक गोष्ट खरी घडली, तीही माझ्याच हातच्या थापेसारखी दिसते. कागदी माणूस काढून टाकावा, नुसतं 'यंत्र मी चालू केलं' एवढंच ठेवावं, ते पटेल, असं मनात आलं. म्हणजे खरं पटावं म्हणून खऱ्यातलं खरं काढून टाकायचं. तिथेही रंगकाम. नाही काढला. पाठवलं.

खूप वेळ काही आलं नाही. समोरच्या इमारतीवर ऊन चढत होतं. मी कपाट उघडून चष्म्याच्या डबीएवढा तो हात बाहेर काढला आणि पुन्हा ठेवला. दहा वाजून बत्तीस मिनिटांनी फोन वाजला.

'ही एकोणिसावी.'

बस, एवढंच. तिने मोजणं सोडलं नव्हतं. विजेपर्यंत अठरा, ही एकोणिसावी. पाच-पाच करत चौथ्यांदा करंगळीच्या शेजारी येऊन थांबलेली. मला वाटलं, संपलं. चार वाजता लोखंडी हात बसेल, परवा पार्सल येईल, आणि रोज सकाळी एक परका भला माणूस मला पिवळा किंवा चौथ्या रंगाचा, आठवेल तसा, अंगठा दाखवत राहील, मी मरेपर्यंत. आणि मी मेलो की तो तिला सांगेल, बाबा नाहीत आज. रडावं म्हटलं तर तेही येईना. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

'बटण कुठल्या हाताने दाबलंत?'

साडेदहा उलटून गेले होते. म्हणजे ती निघाली नव्हती. माझ्या डोक्यात उत्तर तयारच होतं, सुरेख, पुसून-बिसून ठेवलेलं. उजव्या. कारण डाव्यात रबर होतं, आणि उजव्या तर्जनीला चौथा रंग लागलेला होता, तो बटणावर उमटला, आणि तो ठसा मी निवृत्त होईपर्यंत तिथे होता, मी कधी पुसू दिला नाही. काय ठसा होता! तिने डोळे मिटून मानला असता. इतका बारकावा खोटा असूच शकत नाही असं कोणालाही वाटलं असतं, मलाही वाटायला लागलं होतं. बोट अक्षरांवर गेलं, 'उज' एवढं उमटलंही. मी डोळे मिटून तो कारखाना बघितला. कागदी माणूस दिसला. तिची वेणी दिसली. ते बटण दिसलं, हिरवं, कडेला टवका उडालेलं. त्यावर हात नव्हता. कुठलाच. मी कितीतरी वेळ बघितलं.

'उज' पुसलं. लिहिलं, 'आठवत नाही.' आणि पाठवलं, पुन्हा न वाचता.

मग फोन चहाच्या कपाशेजारी कट्ट्यावर ठेवला आणि उत्तरेच्या खिडकीशी उभा राहिलो. अकराला अजून थोडा वेळ होता, उजेड सरळ होता. दोन्ही हात खाली सोडले, जसे ती एक सोडायची, आणि मोजायला लागलो. मोठ्याने. एक, दोन. नसा हळूहळू फुगल्या, पेरं गडद झाली. बाविसावर फोन थरथरला, कपाला लागून किणकिणला, वरची साय हलली. मी हात उचलला नाही. तेवीस म्हटलं. चोवीस.